जपून सर आणि बसलेली बाई

आमच्या चित्रकलेच्या सरांइतका भित्रा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. हे मी मायेनंच लिहिते आहे, आणि त्यांच्या कानावर गेलं असतं तर त्यांनीही मान डोलावून कबूल केलं असतं. वर्गात शिरताना ते आधी वर चौकटीकडं बघत, मग खाली उंबऱ्याकडं. खुर्चीत बसण्याआधी ती हातानं हलवून पाहत. रंगाच्या बाटलीचं झाकण उघडताना तोंड बाजूला करत, जणू आतून काहीतरी उसळून येणार आहे. आणि दर दोन वाक्यांनंतर त्यांच्या तोंडून एक शब्द निघे, "जपून." कात्री हातात घेतली की जपून, पायरी उतरलं की जपून, प्रार्थनेच्या रांगेत नुसतं उभं राहिलं तरी जपून. त्यांचं खरं नाव शाळेच्या फळ्यापुरतं होतं. आमच्यासाठी ते जपून सर.

आमचं गाव पेडगावच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून आत. सर परभणीहून एसटीनं येत आणि फाट्यावर उतरून चालत. गावातलं कुणी मोटारसायकलवर बसा म्हणालं तर हात जोडत. एसटीत ते मधल्याच बाकावर बसायचे. समोरून धडक बसली तर पुढचे जातात, मागून बसली तर मागचे, असा त्यांचा हिशोब होता. पिशवीत दिवसासुद्धा बॅटरी असे आणि हातात कुत्र्यांसाठी वेताची काठी. त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या कॉलरच्या आत बायकोनं लाल दोऱ्यानं त्यांचं नाव आणि गाव शिवलेलं होतं. एकदा ते आम्हाला दिसलं आणि आम्ही विचारलं, तेव्हा त्यांनी अगदी सहज सांगितलं, "रस्त्यात काही झालं तर लोकांनी कळवायचं कुणाला?"

सरांचं घराणं परभणीतल्या कापडवाल्यांचं, शिवभक्त. भाऊ दुकान चालवायचे. सरांनाही तिथंच बसवायचं ठरलं होतं, पण वरच्या फळीवरचे तागे काढायला शिडीवर चढावं लागायचं आणि ते दुसऱ्या पायरीवरूनच खाली उतरायचे. म्हणून आपण चित्रकलेत आलो, असं ते सांगत. भीती वाटली की शर्टावरून गळ्यात बांधलेलं इष्टलिंग चाचपत. दिवसातून किती वेळा हात तिकडं जाई, ते बघून त्यांच्या मनात काय चाललंय ते आम्हाला कळायचं. एकदा वर्गातल्या कुणीतरी धीर करून विचारलं की सर, तुम्ही एवढे का भिता. ते म्हणाले, "कारण काय न्हाई. कुणाच्या अंगात तापाची कडकी असती, माझ्या अंगात भीती हाय."

मला मात्र ते जवळचे वाटायला एक कारण होतं. माझी माय आणि बाप दरवर्षी दिवाळी झाली की ऊस तोडायला खाली साखर कारखान्यांच्या मुलखात जायचे, थेट उन्हाळ्यापर्यंत. मी आणि धाकटा भाऊ चुलतीकडं राहायचो. आठवीत असताना एकदा चित्राच्या तासाला मी मोठ्या कागदाच्या एका कोपऱ्यात नखाएवढं घर काढून बसले होते. सर शेजारी येऊन बसले, बाक हलवून बघून. भ्या वाटतंय का, त्यांनी हळूच विचारलं. मी नाही म्हणाले. मग त्यांनी स्वतःला कशाकशाची भीती वाटते ते सांगायला सुरुवात केली: विहिरीची, विजेची, फटाक्याची, रात्री वाजणाऱ्या फोनची, न वाजणाऱ्या फोनची. शेवटच्या गोष्टीला मी मान वर केली. ते उठून गेले. धीर धर वगैरे काही म्हणाले नाहीत.

आम्ही नववीत गेलो त्या वर्षी परभणीला शाळांच्या कलाकामाचं प्रदर्शन भरणार होतं. चित्रं सगळेच आणतात, आपण सगळ्या वर्गानं मिळून एक मोठं शिल्प करू, असं सरांनी सांगितलं. एवढ्या भित्र्या माणसाला हे कसं सुचलं कोण जाणे. विषयावरून वर्गात भांडणं झाली. कुणाला घोडा हवा होता, कुणाला मोर, एकाला ट्रॅक्टर. सर म्हणाले, आधी घरात निरुपयोगी पडलेलं जे असेल ते आणा, मग बघू.

दोन दिवसांत शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ढीग जमला. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या, फाटलेली बारदानं, कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, सायकलच्या तारा, फुटक्या बांगड्या, ट्रॅक्टरची जुनी ट्यूब, कोयत्याच्या तुटक्या मुठी आणि विटलेली लुगडी. लुगडी सगळ्यात जास्त. सर काठीनं ढीग जरा लांबूनच वरखाली करत होते, आत विंचू असेल म्हणून. तेव्हा भारत नावाचा आमच्या वर्गातला मुलगा म्हणाला, "सर, हे तर सगळं आमच्या मायचं सामान हाय." भारतची माय माझ्या मायच्याच टोळीत जायची. तो एवढं बोलला आणि विषय ठरला. डोक्यावर उसाची मोळी घेतलेली बाई.

दिवाळीनंतर टोळी निघायच्या आदल्या दिवशी सरांनी माझ्या मायला शाळेत बोलावलं. ती डोक्यावर पऱ्हाटीचा मोठा भारा घेऊन शेडमध्ये उभी राहिली आणि सर भराभर रेघा काढू लागले. भारा डोक्यावर बसताना कुठला गुडघा आधी वाकतो, मान किती पुढं जाते, ते त्यांनी आम्हाला दाखवलं. पण त्यांचं अर्धं लक्ष कागदावर नव्हतंच. मधेच ते म्हणाले, "ठेवा ताई, ठेवा आता खाली. मानेला काही होईल." माय हसली. "गुर्जी, मोडायची असती तर मान कवाच मोडली असती. तुमी काढा निवांत." सरांनी चित्र अर्धवट सोडलं आणि तिला भारा उतरवायलाच लावला.

त्या अर्ध्या चित्रावरून काम सुरू झालं. गावातल्या वेल्डिंगवाल्यानं सळया वाकवून सांगाडा करून दिला. तो करत असताना सर लिंबाच्या झाडामागं उभं राहून आम्हाला ठिणग्यांकडं बघू नका म्हणून ओरडत होते. सांगाड्यावर जाळी चढवली, जाळीवर मैद्याच्या खळीत भिजवलेले वर्तमानपत्राचे तुकडे, त्यावर बारदान आणि लुगड्यांच्या पट्ट्या. आठवड्याला चित्रकलेचे दोनच तास, त्यामुळं बाई हळूहळू वाढत होती. हात झाले, पाठ झाली, उसाच्या जागी पऱ्हाट्यांची मोळी चढली. अडलं ते चेहऱ्यावर. ज्यांची ज्यांची माय उसाला गेली होती त्या प्रत्येकाला आपल्या मायचं नाक, आपल्या मायचं गोंदण हवं होतं. भारत आणि मी तर बोलेनासेच झालो. सरांनी चेहरा शेवटी करू असं सांगून ते भांडण पुढं ढकललं.

जानेवारीतला तो दिवस. मधली सुट्टी संपत आली होती. आमचे शिपाई गणपतकाका व्हरांड्यात मोबाइल डोळ्यांजवळ धरून उभे होते आणि त्यांच्याभोवती दहावीची मुलं जमली होती. मी वाकून पाहिलं. रस्त्याच्या कडेला उलटलेली एक ट्रॉली. चाकं वर. भांडी, गोधड्या, एक कोंबडी दोरीला बांधलेली. कुणीतरी पळत पळत व्हिडिओ काढलेला, त्यामुळं सगळं हलत होतं. मग ट्रॉलीची मागची बाजू आली. तिच्यावर पिवळी कमळं रंगवलेली होती, आणि ती कमळं आमच्या गावात सगळ्यांनी पाहिलेली होती. आमच्याच गावातल्या पेंटरनं ती काढली होती.

त्या ट्रॅक्टरवर गावातल्या दोन टोळ्या होत्या. एका शेतातला उसाचा फड तोडून संपला की दुसऱ्या फडावर माणसं त्याच ट्रॉलीतून जायची, कधी ही टोळी, कधी ती. आज कोण होतं ते कुणाला माहीत नव्हतं. मुकादमाचा फोन बंद लागत होता. माझ्या बापाच्या फोनवर नुसती रिंग जात होती. कुणी रडत नव्हतं, हे मला आजही आठवतं.

हेडमास्तर शाळा सोडून द्यायचं म्हणत होते. सर कधी कुणाच्या मधे बोलत नसत, पण तेव्हा बोलले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "सोडून पाठवायचं कुठं, सर? अर्ध्या घरांना कुलपं हायती." मग त्यांनी गणपतकाकांना बाजूला घेतलं आणि बजावलं की शेडच्या बाहेर बसायचं, फोन येईल तो घ्यायचा आणि जे कळेल ते फक्त त्यांनाच येऊन सांगायचं, पोरांसमोर एक शब्द काढायचा नाही. आम्हाला म्हणाले, "नववी, शेडमध्ये चला."

आत शिरण्याआधी त्यांनी नेहमीसारखी काठी आपटली, वर पत्र्याकडं पाहिलं. मग बाइंडिंग तारेचं भेंडोळं घेतलं आणि प्रत्येकाला तुकडा तोडून दिला. पक्कड त्यांच्या हातातून दोनदा खाली पडली. मोळीच्या पऱ्हाट्या सैल झाल्यात, सगळ्यांनी मिळून घट्ट बांधायच्या, असं त्यांनी सांगितलं. आम्ही बांधायला लागलो. एकानं पऱ्हाटी धरायची, दुसऱ्यानं तार फिरवायची, तिसऱ्यानं पिळायची. एकट्याला जमण्यासारखं ते काम नव्हतंच, म्हणून कुणाला कोपऱ्यात जाऊन बसता आलं नाही. भारत कात्रीनं लुगड्याच्या पट्ट्या कापत होता.

बाहेर फोन वाजला की आत सगळे हात थांबायचे. गणपतकाकांचा आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. सर बाहेर जायचे. ते परत येईपर्यंत आम्ही त्या बाईच्या पायांकडं बघत उभे राहायचो, एकमेकांकडं नाही. ते परत आले की खरं तेच सांगायचे. अजून काही कळलं नाही. दवाखान्यात नेलंय. कुणाला नेलंय ते कळलं नाही. पुन्हा तार, पुन्हा पऱ्हाटी. माझ्या बोटातून रक्त येत होतं आणि ते मला दिसत होतं, पण दुखत नव्हतं.

शेवटी मला राहवलं नाही. मी विचारलं, "सर, माझी माय आसंल का त्यात?"

सर माझ्यासमोर उकिडवे बसले. मला वाटलं, आता ते म्हणणार की देव आहे, काही होणार नाही. चुलती तसंच म्हणाली असती. सर म्हणाले, "मला ठाऊक न्हाई, माय. मला बी लय भ्या वाटायलंय. हे टोक धर."

मी टोक धरलं. त्यांनी तार पिळली. इतक्या वर्षांत मला पुष्कळांनी पुष्कळ धीर दिला, पण त्या एका वाक्याएवढा टेकू दुसऱ्या कशाचा झाला नाही. शाळेतला सगळ्यात भित्रा माणूस घाबरलेला होता आणि तरीही तो तिथंच बसलेला होता.

ऊन शेडच्या दारातून आत आलं तेव्हा सर पुन्हा बाहेर गेले, आणि या वेळी लवकर आले नाहीत. आले ते थेट भारतकडं गेले. त्यांनी आधी त्याच्या हातातली कात्री काढून घेतली आणि खिशात ठेवली. एरवी ते सगळ्यांच्याच हातून कात्र्या काढून घ्यायचे, पण भारतनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि त्याला कळलं. सर त्याला खांद्याला धरून लिंबाखाली घेऊन गेले. आम्ही आतून पाहत होतो. भारत उभाच होता आणि सर खाली मातीत बसले होते, जमीन काठीनं न तपासता.

मग ते माझ्याकडं आले. "तुझी माय हाय, बाप बी हाय. मायच्या पायाला लागलंय. किती, ते मला सांगता येणार न्हाई." त्यांनी बाकीच्यांनाही एकेकाला असंच बाजूला घेऊन सांगितलं, जेवढं माहीत होतं तेवढंच. आमच्या टोळीतल्या भारतच्या मायशिवाय बाकी सगळे वाचले होते. त्या संध्याकाळी सर शेवटची एसटी चुकवून भारतच्या घरी बसून राहिले. ज्यांनी कधी गावात मुक्काम केला नव्हता, ते त्या रात्री आमच्या गावात राहिले.

तेराव्यानंतर भारत शाळेत आला. तास चित्रकलेचाच होता. तो शेडमध्ये येऊन त्या बाईसमोर उभा राहिला. आम्ही सगळे मागं सरकलो. आता चेहरा कुणाचा करायचा असं सर विचारतील आणि आम्ही सगळे भारतच्या मायचा म्हणू, असं आम्ही आपसात ठरवून ठेवलं होतं. पण भारतच बोलला.

"सर, तिच्या डोक्यावरचं उतरवा."

सरांनी पक्कड घेतली. जी तार आम्ही त्या दिवशी एवढी घट्ट पिळली होती, ती एकेक करून तोडली. मोळी उतरवायला सगळा वर्ग लागला. सर खाली उभे राहून दोन्ही हात वर पसरून म्हणत होते, जपून, जपून, आणि त्या दिवशी कुणी हसलं नाही. वेल्डिंगवाल्याला बोलावून गुडघ्याच्या सळया वाकवून घेतल्या. मोळी जमिनीवर ठेवली आणि बाईला तिच्यावर बसवलं. हात मोकळे होऊन मांडीवर आले. मान मात्र सरळ होईना. आतली सळई ओझ्यासाठी वाकवलेली होती आणि ती सरळ करायची तर सगळी पाठ फोडावी लागली असती. भारत म्हणाला, राहू द्या. चेहराही कुणी मागितला नाही. सगळ्यांच्या मायच्या लुगड्यांचा मिळून एक पदर केला होता, तो तेवढा पुढं ओढून घेतला.

हेडमास्तरांना हे पसंत पडलं नाही. मोळी घेतलेली बाई कशी भारदस्त दिसत होती, ही तर दमून बसलेली दिसते, परीक्षकांसमोर असं काय न्यायचं, असं त्यांचं म्हणणं. मोळी परत चढवा म्हणाले. सर छाती चाचपत उभे होते. तरी त्यांनी सांगितलं, "पोरांनी उतरवलंय, सर. मी परत चढवणार न्हाई."

प्रदर्शनाला ती टेम्पोतून गेली. आम्ही मागं बसलो होतो आणि सरही मागंच, बाईच्या शेजारी उकिडवे, एक हात तिच्या खांद्यावर. पुढं ड्रायव्हरशेजारी जागा होती. प्रत्येक खड्ड्याला ते डोळे मिटून घेत होते. आम्हाला नंबर मिळाला नाही. एका परीक्षकांनी विचारलं की हिची मान अशी का, हिच्या डोक्यावर तर काहीच नाही. सरांनी भारतकडं पाहिलं, भारतनं जमिनीकडं. ते परीक्षक बराच वेळ तिथं थांबले आणि मग पुढं गेले.

माझी माय महिनाभरानं दवाखान्यातून आली, काठी घेऊन. शाळेत येऊन तिनं ती बाई पाहिली, तिच्या हातावरून हात फिरवला. "बरं केलं बसवलं ते," ती सरांना म्हणाली. "आमाला बी वाटायचं बसावं. पर बसलं की उठू वाटत न्हाई, म्हणून बसतच न्हवतो." त्यानंतर ती पुन्हा उसाला गेली नाही, जाता येण्यासारखं राहिलंच नव्हतं. बाप मात्र जात राहिला. अजून जातो.

पुढच्या उन्हाळ्यात सर निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी शाल-नारळ दिल्यावर बोलायला उभे राहिले. त्यांनी फक्त माइकची वायर नीट गुंडाळून ठेवली, कुणाचा पाय अडकू नये म्हणून, आणि खाली बसले. दोन पावसाळ्यांत शेडमधली बाईही खचत गेली. कागद भिजला, बारदान कुजलं. भारत आता पूर्णेला रेल्वेत लागलाय. कधी भेटला तर आम्ही त्या दिवसाबद्दल बोलत नाही, सरांबद्दल बोलतो.

मी मानवतच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. बापाची टोळी निघाली की मी त्या दिवशी सरांना फोन करायचे. पहिल्याच रिंगला ते उचलायचे. कशी आहेस वगैरे विचारायचे नाहीत. ट्रॅक्टर कुठपर्यंत गेला असेल, ड्रायव्हर कोण आहे, रस्ता कुठला धरला, एवढंच. मग आम्ही दोघं थोडा वेळ फोन कानाला लावून बसायचो. फड गाठल्याचा बापाचा फोन आला की मी पुन्हा त्यांना कळवायचे. तोवर ते जेवत नसत, असं त्यांच्या बायकोनं एकदा मला सांगितलं होतं.

या वर्षी टोळी निघाली त्या रात्री मी फोन केला. बऱ्याच रिंगनंतर तो उचलला गेला. आवाज अनोळखी होता. सरांचा मुलगा. त्यानं सांगितलं की सर श्रावणातच गेले, झोपेत नाही, दवाखान्यात, आणि शेवटपर्यंत त्यांना फार भीती वाटत होती. बायकोचा हात त्यांनी सोडला नाही. मी माझं नाव सांगितलं, त्यांची विद्यार्थिनी म्हणून सांगितलं, आणि फोन ठेवायला निघाले.

"थांबा," तो म्हणाला. मग थोडं अडखळत त्यानं विचारलं, "वडील पोचले का तुमचे?"

मी म्हणाले, अजून नाही.

"पोचले की कळवा," तो म्हणाला. "आम्ही जागे आहोत."

पहाटे बापाचा फोन आला. मी लगेच कळवलं.